चालकाची सवय

“परत वाचा,” अण्णा म्हणाले.

काउंटरमागे बसलेल्या इनामदारांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे थोडा वळवला. ते त्या शोरूमचे सर्व्हिस अॅडव्हायझर. तिशीतले, गळ्यात ओळखपत्र, आवाज कायम मऊ. “क्लच प्लेट जळालेली आहे. प्रेशर प्लेट तापून निळी पडलीय. कारण, चालकाची सवय. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणे. त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.”

“कुणाची सवय?”

“चालकाची, काका.”

“चालक कोण?”

इनामदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांकडे मान वळवली. “गाडी तुम्हीच चालवता ना, काका? वयोमानानं होतं असं. पाय जड होतो, आपल्याला कळत नाही. आठवड्याला दोन-तीन गाड्या येतात आमच्याकडे अशा.”

“चौतीस वर्षं एसटी चालवलीय मी. कराड-चिपळूण. कुंभार्ली घाट रोजचा,” अण्णांनी अजिबात आवाज न चढवता सांगितलं. “चौतीस वर्षांत किती प्लेटा जाळल्या ते डेपोत जाऊन विचारा.”

“हो काका, पण ही एसटी नाही ना.”

अण्णांनी चावी काउंटरवर ठेवली आणि ते बाहेर निघून गेले. मी मागोमाग गेले तेव्हा ते फाटकाबाहेर रिक्षाला हात करत होते. दारात उतरल्यावर मी म्हणाले, “अण्णा, नवी प्लेट विकत घालून टाकू या. एवढं काय त्यात?”

“पैशाचं बोलतच न्हाई मी. ती ओळ काढायला सांग.”

गाडी घेऊन तेव्हा चौदा महिने झाले होते आणि ती सात हजार चारशे किलोमीटर चालली होती. आकडा मला पाठ आहे, कारण अण्णांची वही होती. प्रत्येक फेरीची नोंद ते एसटीतल्यासारखीच करत. कुठून निघालो, किती वाजता पोचलो, मीटर किती, चालक कोण. चालकाच्या रकान्यात चौदा महिने ‘म. ग. शेलार’ एवढंच होतं. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी घेतलेली ही त्यांची पहिली स्वतःची गाडी. दर बुधवारी आईला घेऊन ते उंब्रजला मावशीकडे जात. बाकीच्या दिवशी चार वाजले की गाडी काढून डेपोजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसत. तिथं निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांची बैठक असे. घरापासून कट्टा पायी दहा मिनिटांवर होता, पण अण्णा गाडीनंच जात.

त्या दिवसापासून त्यांनी कट्टा सोडला. चार वाजता शर्ट घालून तयार होत आणि ओट्यावर बसत. एकदा साळुंखे कंडक्टर चौकशीला घरी आले. “काय शेलार, दिसला न्हाईत? गाडी कुठाय?”

“कामाला सोडलीय,” अण्णा म्हणाले आणि आत निघून गेले. पाहुण्याला ओट्यावर एकटं सोडून आत जाणारे माझे वडील नव्हेत.

आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, “बघ की गं काहीतरी. नव्या सुनेगत तोंड लपवून बसलाय माणूस.”

मी इस्लामपूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. माझं वय अडतीस. लग्न झालं नव्हतं, आणि व्हायला हवं असं आता घरात कुणी म्हणतही नव्हतं. मोजमाप हा माझा विषय. अण्णांच्या पायाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशावर विनाअपघात सेवेचा बिल्ला असायचा आणि लहानपणी तो पुसून चकचकीत करण्याचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा दोष प्लेटमध्येच असणार, हे मी गृहीत धरलं आणि तो सिद्ध करायच्या मागे लागले.

पुढचे सात आठवडे मी त्या शोरूममध्ये किती वेळा गेले ते आता सांगवत नाही. कॉलेजातून परतताना महामार्गावरच उतरायचं, टोकन घ्यायचं, थंडगार हॉलमध्ये बसायचं. समोर आवाज बंद केलेला टीव्ही. यंत्रातून येणारी कॉफी. इनामदार येत, माझ्याशेजारी बसत आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगत. ते कधी चिडले नाहीत, हेच जास्त दमवणारं होतं.

“मॅडम, मी तुमची केस वर पाठवलीय.”

“वर म्हणजे कुठे?”

“पुण्याला. तिकडून ती दिल्लीकडे जाते.”

“आणि तिकडून?”

“तिकडून पुण्याला येते.”

मी वॉरंटीचं पुस्तक शब्दन् शब्द वाचलं. पत्रं लिहिली. अण्णांच्या वहीवरून तक्ता केला. घाटातली किलोमीटर किती, गावातली किती, सरासरी वेग किती, अशा वापरात प्लेटची झीज किती व्हायला हवी. जळालेली प्लेट मला बघायचीय असा हट्ट धरला, तेव्हा इनामदार मला मागच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि तिथं मी मुजावर मिस्त्रींना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशी उलटलेला, बारीक चणीचा, हात पुसल्याशिवाय कशालाही न शिवणारा माणूस. गाडीच्या जॉब कार्डावर ती ओळ त्यांनीच लिहिली होती.

त्यांनी कापडात गुंडाळलेली प्लेट बाकावर उघडली. “हे बघा, मॅडम. झीज सगळीकडं सारखी हाय. दोष असता तर एका बाजूला खाल्ली असती. ही सावकाश भाजलेली हाय, रोज थोडी थोडी.”

“पण चालकाची सवय, हे तुम्ही प्लेटवरून कसं सांगता? चालक तर तुम्ही पाहिलेलाही नाही.”

“पाहिलाय की,” ते म्हणाले. “मी मल्हारपेठचा. आयटीआयला असताना दोन वर्षं शेलारअण्णांच्याच गाडीनं कराडला यायचो. साडेसातची. घड्याळ लावावं अशी गाडी.”

“आणि तरी तुम्ही असं लिहिलंत?”

“मग काय लिहू?” मिस्त्रींनी प्लेट परत कापडात गुंडाळली. “प्लेट सांगती ते लिहायचं.”

मला त्यांचा राग आला. माझ्या प्रयोगशाळेत हेच वाक्य एखाद्या विद्यार्थ्यानं म्हटलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती, हे तेव्हा सुचलं नाही.

अखेर पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर देवस्थळी आले. महिन्यातून एकदा, तिसऱ्या गुरुवारी ते कराडला येत. माझा तक्ता त्यांनी दोनदा वाचला. “मॅडम, तुम्ही आमच्याकडेच का नाही आलात नोकरीला?” ते हसून म्हणाले. मी हसले नाही. मी त्यांच्यासमोर एक प्रस्ताव ठेवला. कंपनीनं नवी प्लेट बसवावी. तिची जाडी मोजून नोंदवावी. हजार किलोमीटर गाडी चालवून प्लेट पुन्हा उतरवावी आणि मोजावी. झीज जास्त भरली तर सवय. नसेल तर जुन्या प्लेटमध्ये दोष होता.

देवस्थळींनी पेन टेबलावर आपटत जरा विचार केला. “चालेल. पण चालक तोच पाहिजे. नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही.”

“अर्थातच,” मी म्हणाले.

घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. “घ्या म्हणावं परीक्षा. किती वर्षांनी कुणीतरी परीक्षा घेतंय माझी!”

नवी प्लेट मोजून, बसवून गाडी हाती आली आणि पहिल्या रविवारी आम्ही दोघंच निघालो. कराडहून पाटण, पुढे हेळवाक, आणि परत. नोंदी मी करणार होते म्हणून पुढच्या सीटवर बसले. एरवी ती जागा आईची; मी मागे.

आता जे सांगते ते फार साधं आहे. लहानपणापासून मी अण्णांच्या गाडीत शेकडो वेळा बसले होते. एसटीत ड्रायव्हरच्या मागे जाळी असते. तिच्यामागून मला त्यांची पाठ दिसायची, स्टिअरिंगवरचे हात, आरशात अर्धा चेहरा. पाय कधीच दिसले नव्हते. त्या रविवारी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा माझ्या वडिलांचे पाय गाडी चालवताना पाहिले.

मल्हारपेठ मागे पडलं होतं. रस्ता सरळ होता, गाडी चौथ्या गिअरमध्ये. अण्णांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. ते पेडल दाबत नव्हते. पाय नुसता टेकवलेला होता, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात राहावा तसा. मला वाटलं, आता गिअर बदलतील. त्यांनी बदलला नाही. मी मीटर बघितला. अकरा किलोमीटर तो पाय तिथून हलला नाही.

“काय गं, गप का झालीस?” अण्णांनी विचारलं.

“नोंद करतेय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही; दुपारी अण्णा झोपले असताना मी घरातला वजनकाटा घेऊन गाडीत बसले. काटा पेडलवर उभा धरून ढकलत गेले. तीन किलोलाच पेडल बोटभर खाली जात होतं, म्हणजे तेवढ्यानंच क्लच अर्धवट सुटून प्लेट घासायला लागणार. मग माझा स्वतःचा पाय त्यावर सैल सोडून पाहिला. काट्यानं अडीच किलो दाखवले. अण्णा माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि त्यांच्या पायात जाड तळाचे बूट. दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तेच उत्तर आलं.

संध्याकाळी मी शोरूममध्ये गेले, पण टोकन घेतलं नाही. मागच्या बाजूला चहाच्या टपरीवर मुजावर मिस्त्री एकटेच उभे होते.

“एसटीचा क्लच किती जड असतो, मिस्त्री?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि कप खाली ठेवला. “अण्णांच्या वेळच्या गाड्या? त्याला आधी दीड-दोन इंच नुसताच खेळ, पेडल मोकळंच जायचं. त्याच्या पुढं वीस-पंचवीस किलोचा जोर लावावा तेव्हा सुटायचा. नवा माणूस तर उभा राहायचा त्याच्यावर.”

“म्हणजे पाय नुसता ठेवला तर?”

“काय होत नव्हतं. दिवसभर ठेवा. पाय ठेवायला दुसरी जागा तरी कुठं होती त्या केबिनमध्ये? सगळेच ठेवायचे.” मग जरा थांबून म्हणाले, “त्यांचं काही चुकलेलं न्हाई, मॅडम. गाडी बदलली.”

“हे तुम्ही कार्डावर का नाही लिहिलंत?”

“कार्डावर रकाना दोन बोटांचा असतोय.”

मी घरी आले. अण्णा ओट्यावर बसून गाडीच्या काचा पुसायचं फडकं धूत होते. पुढच्या फेरीला कुठं जायचं त्याची त्यांनी यादी केली होती. आता खरं तर एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. सात आठवडे ओट्यावर बसलेला माणूस चार दिवसांपूर्वी कुठे उठून उभा राहिला होता.

“अण्णा,” मी म्हणाले, “उद्यापासून गाडी मी नेते कॉलेजला. मला सराव करायचाय. लायसन्स काढून चार वर्षं झाली, हात बसलेला नाही.”

“आता? आणि त्यांची परीक्षा?”

“परीक्षा प्लेटची आहे, तुमची नाही. प्लेट चांगली असेल तर कुणीही चालवली तरी ती टिकेल.”

वाक्य तर्काला धरून होतं, म्हणूनच ते खोटं चाललं. अण्णांनी जरा विचार केला आणि मग त्यांना आनंदच झाला. चार दिवस सकाळी सहाला उठून त्यांनी मला शिकवलं. ते शेजारी बसत, हात मांडीवर. “घाई न्हाई. आरशात बघ. आता दाब... सोड... आणि पाय खाली घे. काम झालं की पाय खाली. पेडलला उगाच शिवायचं न्हाई.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काहीच नव्हतं. नियम त्यांना ठाऊक होता, आणि आपण तो चौतीस वर्षं पाळला याची त्यांना खात्री होती.

इस्लामपूर जाऊन येऊन साठ किलोमीटर. तीन आठवड्यांत हजार पूर्ण झाले. कंपनीच्या फॉर्मवर फेऱ्यांच्या सोळा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत चालकाचं नाव लिहायचं होतं. पहिली ओळ खरी होती. उरलेल्या पंधरा ओळींत मी ‘म. ग. शेलार’ लिहिलं. अण्णांच्या वहीत त्याच फेऱ्यांपुढे त्यांच्या वळणदार अक्षरात ‘चालक: शालन’ होतं. प्रात्यक्षिकाच्या वहीत बनवलेली रीडिंग लिहिली म्हणून मी दर वर्षी दोन-चार जणांना नापास करत असे. त्या सोळा ओळी भरायला मला चार मिनिटं लागली.

तिसरा गुरुवार आला. गाडी रॅम्पवर चढली, गिअरबॉक्स उतरला. देवस्थळींनी स्वतः व्हर्निअर धरला. प्लेट जवळपास नवी होती.

“अभिनंदन, मॅडम,” ते म्हणाले. “जुनी प्लेट सदोष होती, असंच म्हणावं लागेल. इनामदार, कार्ड दुरुस्त करा. आणि प्राथमिक निदान कुणाचं होतं?”

“मुजावरांचं,” इनामदार हळूच म्हणाले.

“त्यांची सही घ्या. ‘प्राथमिक निदान चुकीचे.’ नियमानं घ्यावी लागते.”

हे मला माहीत नव्हतं. ओळ खोडली की ती नुसती नाहीशी होईल, असं मी समजत होते. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊन बसेल, हा विचार इतक्या आठवड्यांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

मुजावर मिस्त्रींनी हात पुसले. कागद वाचला. मग देवस्थळी फोनवर बोलायला बाजूला गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “गाडी आत मी घेतली, मॅडम. सीट पाच खाचा पुढं होती. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले.”

मी रॅम्पवरच्या गाडीकडे पाहिलं.

“अण्णांचे गुडघे तर डॅशबोर्ड फोडून पलीकडं गेले असते.”

“मिस्त्री, मी देवस्थळींना आत्ता सांगते...”

“कशाला?” त्यांनी पेन उचललं. “माझी अजून चार वर्षं नोकरी हाय. एवढं पुसून काढायला चार वर्षं पुरतात. अण्णांना आता पुसायला सवड कुठाय?”

आणि त्यांनी सही केली. मी त्यांना करू दिली. त्या सगळ्या प्रकरणात याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते. फॉर्म मी एकटीनं भरला होता, पण ही सही होताना मी समोर उभी होते.

अण्णांनी नवं कार्ड चष्मा लावून वाचलं. ‘कारण: भागातील दोष.’ त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि चार वाजता, अकरा आठवड्यांनी, कट्ट्यावर गेले. मी “क्लच दाबून माझा पाय दुखतोय, गाडी राहू दे, तुम्ही चालतच जा” असं काहीबाही सुचवून पाहिलं. ते हसले. “पाय तुझा दुखतोय, माझा न्हाई.” आणि गाडी काढली. मी दारातून त्यांच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहिले. मला वाटत होतं, पुन्हा सात हजार किलोमीटरला हीच वेळ येणार, आणि तोवर मी रोज असंच दारात उभं राहायचं.

तशी वेळ आली नाही, कारण पुढच्या आठवड्यात अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन शोरूममध्ये गेले. मला न सांगता. “त्या मिस्त्रीवर माझा काय राग न्हाई,” असं आईला सांगून गेले होते. मी कॉलेजातून आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. पुडा मांडीवर तसाच होता, दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

“तो न्हवता तिथं,” अण्णा म्हणाले. “पुण्याला धाडलाय ट्रेनिंगला. आठ दिवस. वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर बसवलाय, म्हणं. चौपन्न वर्षांचा माणूस.” त्यांनी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. “मी त्याची प्लेट बघितली, शालू. जुनी. तिथंच पडली होती बाकावर. सगळीकडनं सारखी खाल्लेली हाय.”

मी पर्स खांद्यावरून उतरवली.

“तो चुकला होता का?”

त्यांनी असं सरळ विचारलं नसतं तर मी कदाचित आजवर गप्प राहिले असते.

“नाही,” मी म्हणाले.

मग उंबऱ्यावर बसून मी सगळं सांगितलं. पाटणचा रस्ता, वजनकाटा, टपरीवरचा चहा, फॉर्मच्या पंधरा ओळी, पाच खाचा पुढे असलेली सीट. आई आतून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मी संपवलं तरी बराच वेळ ते स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत राहिले.

“अकरा किलोमीटर?”

“हो.”

“आणि बोलली न्हाईस.”

“नाही.”

“पाय किती भरतो?”

“तीनच्या वर.”

“आणि पेडल सुटतं कितीला?”

“तीनलाच हलायला लागतं.”

“एसटीचं?”

“वीस-पंचवीस.”

“मग बरोबर हाय त्याचं,” अण्णा म्हणाले. “बरोबरच हाय.” पुडा त्यांनी बाजूला ठेवला. “मला वाटलं, ओळ खोटी हाय म्हणून मी भांडतोय. खरी हाय हे सांगितलं असतंस तर मी कशाला भांडलो असतो? चौतीस वर्षं मी लॉगशीटवर खोटं मिनिट लिहिलं न्हाई, आणि तू माझ्या नावानं पंधरा फेऱ्या लिहिल्यास.”

त्या रात्री ते जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मुजावर मिस्त्री पुण्याहून सोमवारी येणार होते. सोमवारी सकाळी अण्णा शर्ट घालून तयार होते. “सुट्टी टाक,” एवढंच म्हणाले. गाडी मी चालवली.

इनामदारांनी आम्हाला पाहून उभं राहून नमस्कार केला. “या काका! आता काही प्रॉब्लेम नाही ना?”

“हाय. ती ओळ परत घाला.”

“कुठली ओळ?”

“चालकाची सवय.”

इनामदार हसले, मग थांबले. “काका, कार्ड क्लोज झालं. आता ते उघडत नाही.”

“काढायला अकरा आठवडे लागले. घालायला किती लागतील ते सांगा, मी बसतो.”

“तसा पर्यायच नाहीये सिस्टीममध्ये. असं आजवर कुणी मागितलंच नाही.”

“मग कागद द्या.”

कागद अण्णांनी माझ्यापुढे सरकवला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘मी, महादेव गणपत शेलार, निवृत्त चालक, बिल्ला क्रमांक अमुक. चाचणीची गाडी मी चालवली नाही, माझ्या मुलीनं चालवली. आधीचं निदान बरोबर होतं. मिस्त्री मुजावर यांची चूक नाही. प्लेटचा खर्च माझ्याकडून घ्यावा.’ ‘माझ्या मुलीनं’ लिहिताना माझं पेन अडखळलं. “लिही,” अण्णा म्हणाले. त्यांनी सही केली, मग पेन माझ्या हातात दिलं. त्यांच्या सहीखाली मी माझी केली.

“याचं पुढं काय होईल मला खरंच माहीत नाही, काका,” इनामदार म्हणाले.

“तुम्ही शिक्का मारा.”

त्यांनी शिक्का मारला.

मुजावर मिस्त्री मागच्या आवारात होते. अण्णांना पाहून ते बाकावरून उठले आणि सवयीनं हात पुसू लागले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

“साडेसातची गाडी,” मिस्त्री म्हणाले.

“मल्हारपेठ,” अण्णा म्हणाले. “कुठल्या सीटवर बसायचा?”

“सीट कधी मिळाली? जाळीला धरून उभा असायचो.”

“मग माझे पाय दिसत असतील तुला.”

मिस्त्री हात पुसायचे थांबले.

अण्णांनी माझ्याकडे हात केला. मी चावी दिली. त्यांनी दार उघडलं, सीट पाच खाचा मागे घेतली आणि आत बसले. मग पलीकडच्या दाराकडे मानेनं खूण केली. “बस. आणि दाखव.”

मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले. मी उघड्या दाराशी उभी होते. अण्णांनी गाडी चालू केली नाही. पाय उचलला, पेडल दाबलं, सोडलं. पाय परत पेडलवरच राहिला.

“अण्णा, खाली.”

“कुठं?”

“तिथं डावीकडं, पत्र्याला टेकवून. हां. राहू द्या तिथंच.”

अण्णांनी पाय तिथं ठेवला. तो लगेच वर आला. त्यांनी तो परत खाली नेला, आणि या वेळी मांडीवर हात दाबून धरला, पाय उठू नये म्हणून. कपाळावर घाम आला होता.

“लई रिकामा वाटतोय,” ते म्हणाले.

“वाटणारच, अण्णा,” मुजावर मिस्त्री म्हणाले. “परत करा.”